दारातली फुली

जावयानं सासूला तळहात दाखवावा, ही कुठली रीत? "आई, जरा थांबा" असं म्हटलं असतं तर जीभ झिजली नसती. मान वळवून पाहिलं असतं तर मणका सरकला नसता. पण नाही. तिनं कोपरानं दार ढकललं, हातात कप, कपाखाली बशी, बशीत दोन बिस्किटं. आणि पाठमोऱ्या खुर्चीतून एक हात वर आला, पाची बोटं पसरून, चौकातल्या पोलिसानं ट्रक थोपवावा तसा. खुर्ची फिरली नाही. मान हलली नाही. हात मात्र वर, आणि वरच. मग काय, ती ट्रकसारखी थांबली, मागच्या मागे वळली, कप ओट्यावर आणून आदळला आणि दोन्ही बिस्किटं स्वतःच खाल्ली, चहात न बुडवता, रागानं. कोरडा चुरा घशात अडकला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आतून "काय झालं?" असं कोणी विचारलं नाही. अडुसष्ट वर्षांत तिला कोणी तळहात दाखवला नव्हता. नवरा होता तो तापट, ताट भिरकावणारा. पण त्यानंही ताट भिरकावलं ते तिच्याकडे बघून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, ती ओट्याला म्हणाली. ओटा तरी ऐकून घेतो.

साखरेच्या डब्यामागे तिनं गुडघ्याच्या गोळ्यांचा एक खोका उलगडून चपटा करून ठेवला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. सोमवारी सहा, मंगळवारी सहा, आज बुधवारी दुपारपर्यंत तीन. सगळ्या फुल्या. माणूस कामात दिसला तर टिंब, रिकामा दिसला तर फुली, ही तिची जुनी पद्धत. शाळा दुसरीतच सुटली, अक्षरं फारशी हाती लागली नाहीत. पण टिंब आणि फुली यांना शाळा लागत नाही. पंधरा वेळा दार उघडलं आणि पंधरा वेळा तेच चित्र: खुर्ची दाराकडे वळलेली, हात मांडीवर, तोंडावर ते मऊ, ओशाळं हसू, "या ना आई." पडद्यावर काय असेल ते असो, माणूस दाराकडे बघत बसलेला. काम करणारा माणूस असा बसतो होय? आता सोळावी खूण. पेन्सिल जिभेला लावून ती क्षणभर थांबली, कारण आज तो दाराकडे बघत नव्हता हे खरं. पण मग तो हात? तिनं फुलीच केली, जाड, दाबून, इतकी की पेन्सिलीचं टोक मोडलं. ही उद्धटपणाची फुली. रिकामपणाच्या फुल्यांच्या रांगेत ती वेगळी दिसत होती, पांढऱ्या केसांत एखादा काळा राहावा तशी.

हे काम तिनं अंगावर ओढून घेतलेलं नव्हतं. लेकीनं दिलं होतं. रविवारी सकाळी गॅलरीत लेक ओले केस पंच्यानं झटकत होती आणि झटकता झटकता म्हणाली, "आई, तू घरी असतेस. जरा बघशील, घरून काम म्हणत हे दिवसभर काय करतात?" लेक इस्पितळात हाडांचे फोटो काढते. दिवसभर काळोख्या खोलीत उभी राहून अनोळखी माणसांना सांगते, हलू नका, श्वास धरा, सोडा. "मला सगळ्यांच्या आतलं दिसतं गं," ती म्हणाली, "घरातल्या माणसाचं तेवढं दिसत नाही. तीन आठवडे झाले, विचारलं की म्हणतात चाललंय. ऑफिसातून पत्र आलंय, काम समाधानकारक नाही म्हणून. मला दाखवलं नाही, मीच पाहिलं. मागे एकदा नोकरी गेली होती तेव्हा दोन महिने हे असेच खोलीत बसून होते, कामावर असल्यासारखे. मला कळलं तेव्हा मला त्यांची दया आली नाही, आई, भीती वाटली." मग तिनं दुसरं पत्र काढलं, तिचं स्वतःचं. दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात वरची जागा होती. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. "ते खरंच काम करत असतील तर मी जात नाही, इथे त्यांच्यापाशी राहते. पण पुन्हा तोच प्रकार असेल तर मी जाणार, आणि तुला घेऊन जाणार. त्यांना राहू दे त्या खुर्चीत. तू नुसतं बघ आणि शुक्रवारी सांग. तुझी नजर चुकत नाही."

तुझी नजर चुकत नाही. हे वाक्य तिनं आयुष्यात दागिन्यासारखं वापरलं होतं. दुसरे दागिने नव्हतेच. शर्ट शिवायच्या कारखान्यात ती बत्तीस वर्षं होती, त्यातली एकोणीस नजर ठेवणारी म्हणून. चाळीस यंत्रांचा हॉल, शेजारी कापणीची खोली, मध्ये एक जड लाकडी दार. तासाची घंटा झाली की ती कापणीची कात्री खाली ठेवायची, पुठ्ठा आणि पेन्सिल उचलायची, दार लोटायची आणि आत शिरता शिरता एकाच नजरेत चाळीस जणींना टिपायची. कोण शिवतंय, कोण जांभई देतंय, कोणाच्या मांडीखाली गोष्टीचं पुस्तक आहे. टिंब, टिंब, फुली, टिंब. बाया तिला टाचणी म्हणायच्या. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. बोचली तर बोचली, पण कापड सरकत नाही. एकदा मोठे साहेब चार माणसांसमोर म्हणाले होते, "या बाईंच्या पुठ्ठ्यावर मी डोळे मिटून सही करतो." डोळे मिटूनच करायचे, कारण पुठ्ठ्यावर वाचण्यासारखं काही नसायचंच, पण त्या दिवशी ती घरी जाताना रस्त्याच्या मधून चालली होती, कडेनं नाही. आणि आज त्या टाचणीला, तिच्याच लेकीच्या घरात, एक हात थांब म्हणतो. उरलेला बुधवार तिनं त्या दाराकडे पाठ करून काढला. संध्याकाळी कप विसळताना मात्र लक्षात आलं की सकाळचा कप, कालचा कप, सगळ्या कपांत चहा अर्धाअधिक शिल्लक आणि वर सुरकुतलेली साय. मी केलेला चहा पीतही नाहीत, ती पुटपुटली, आणि तेही त्याच्या खात्यावर टाकलं.

गुरुवारी सकाळी तीन वेळा दार उघडलं, तीन वेळा खुर्ची वळलेली, "या ना आई." तीन फुल्या. मग बाराच्या सुमाराला वीज गेली. खाली लिफ्टचं काही काम चाललं होतं, दीड तास लागेल असं जिन्यात कोणीतरी ओरडून सांगत गेलं. फ्रिजची घरघर थांबली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. जावई बाहेर आला, उजेडात डोळे मिचकावत, दाढी चार दिवसांची, आणि न विचारता समोर बसून शेंगा सोलायला लागला. वाईट सोलत होता. दाण्याबरोबर देठही परातीत टाकत होता. ती देठ वेचून बाजूला ठेवत राहिली. तळहात अजून तिच्या डोळ्यांसमोर होता. आता तोच हात शेंगेच्या शिरेशी झटत होता, आणि नखं कुरतडलेली होती, लहान मुलासारखी, मांस दिसेपर्यंत.

"जावईबापू," ती म्हणाली, कारण गप्प बसणं तिला जमत नसे, रागात तर नाहीच, "एक विचारू? तुमचं काम तरी काय असतं हो? मला कळेल असं सांगा. दुसरीपर्यंतच शिकलेय मी."

तो हसला. मग हातातली शेंग बघत राहिला, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत. "एक मोठं यंत्र असतं, आई. त्याच्या पोटात वीस-तीस खोटी यंत्रं राहतात. खोटी म्हणजे, प्रत्येकाला वाटतं आपणच पूर्ण यंत्र, सगळं घर आपलंच. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो."

"पाहुणे, आणि घर आपलंच वाटतं? म्हणजे घरजावई म्हणा की."

तो इतका मोठ्यानं हसला की दोन दाणे परातीबाहेर उडाले. हे घर लेकीच्या नावावर होतं आणि हा टोमणा तिनं सहा वर्षं ओठांत धरून ठेवला होता; तो असा हसण्यावारी जाईल असं तिला वाटलं नव्हतं. "बरोबर, घरजावई," तो म्हणाला. "तर एखाद्या घरजावयाचं काम फार हळू चालतं. का, ते मी शोधायचं. पण त्याच्या खोलीत शिरायचं नाही, त्याला विचारायचं नाही. बाहेरून, यजमानाच्या, म्हणजे त्या मोठ्या यंत्राच्या बाजूनं बघायचं, तो वेळ कुठे घालवतो ते."

"बंद दारातून कसं दिसणार?"

"घंटी लावायची. यंत्राच्या लोखंडातच ती असते. ठरावीक टिचक्या झाल्या की आपोआप वाजते. इंटरप्ट म्हणतात तिला, आणि ही जात अशी की तिला कोणी थांब म्हणू शकत नाही. वाजली की पाहुण्यानं हातातलं काम जिथल्या तिथे सोडून दारात यायचं. यजमान एक खूण करतो, हा अमुक ठिकाणी होता. की परत आत. सेकंदाला हजार वेळा. दिवसभराच्या खुणा मोजल्या की कळतं, जिथे खुणांची गर्दी तिथे त्याचा वेळ गेला."

"यात काय मोठंसं," ती म्हणाली, आणि तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. "मी एकोणीस वर्षं हेच केलं. तासाला एकदा, पण हेच. मग अडलं कुठे?"

"सगळ्या खुणा दारात पडायला लागल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुणा कोणताही असो, काम कसलंही असो, वही म्हणते, हा दारात उभा होता. दहापैकी नऊ खुणा दारात. ऑफिसात म्हणाले, दारच बिघडलंय, त्यातच वेळ जातो. ज्या माणसानं दाराचा भाग लिहिला तो सांगून थकला की माझ्या दारात खोट नाही. त्याला कामावरून बाजूला केला. दार पाडून नवं बांधलं. तरी खुणा दारातच. मी म्हटलं, मला पाहू द्या. तर तीन आठवडे मलाही सापडेना आणि मलाही पत्र आलं." त्यानं शेंग खाली ठेवली. "दाराचा काही दोष नव्हता, आई. घंटी आमची. घंटी वाजली म्हणून तो दारात आला, आणि दारात दिसला म्हणून आम्ही लिहिलं, दारात. आमच्याच घंटीनं त्याला तिथे आणलं होतं. तो घंटीच्या आधी कुठे होता, ते लिहायचं होतं. आणि ते कळायची सोयही असते. बाहेर येताना यंत्र एक चिठ्ठी ठेवतं, काम कुठल्या ओळीवर सोडलं त्याची. दार पुन्हा लागायच्या आत ती वाचायची, नाहीतर पुढची चिठ्ठी तिच्यावरच लिहिली जाते. आम्ही ती चिठ्ठी वाचायचं सोडून समोर उभ्या माणसाकडे बघत बसलो."

ती शेंग सोलत नव्हती. शेंग तिच्या बोटांत होती, अर्धी उघडी. "कधी सापडलं हे?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला.

"काल दुपारी. तुम्ही चहा घेऊन आलात ना, नेमकं तेव्हा. टोक हातात आलं होतं, वळलो असतो तर निसटलं असतं. माझा हात कधी वर गेला ते मलाच कळलं नाही. नंतर कप दिसला नाही तेव्हा कळलं. माफी मागायची राहिली, आई. तुमचं दार वाजलं की मी नेहमी वळतो. सासूबाई आल्यात, पाठ करून कसं बसायचं? काल तेवढं चुकलं."

फ्रिज घरघरला. वीज आली होती, ठरल्यापेक्षा लवकर. तो हात झटकत उठला, जाताना म्हणाला, "देठ पडले वाटतं माझे," आणि खोलीत गेला. दार लागलं. आणि ते लागतानाचा आवाज, जड दाराचा नव्हे, या हलक्या, पोकळ दाराचा, तिच्या कानात शिरला आणि तिथून कुठेतरी खूप खाली गेला, जिथे दुसरं एक दार इतकी वर्षं उघडत होतं.

पहिल्या नंबरच्या यंत्रावर शिडी बसायची. उंच, किडकिडीत, लांब हातांची. हॉलमधल्या बायांनी तिचं नाव शिडी ठेवलं होतं, कारण वरच्या फळीवरचे रिळांचे खोके तिला स्टुलाशिवाय काढता यायचे. पहिला नंबर दाराला लागून. टाचणी आत शिरली की सगळ्यात आधी शिडी, आणि शिडी कायम उभी. बसून शिवताना म्हणून कधी दिसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी, हात बाजूला, तोंडावर ते ओशाळं हसू. फुली. पुढच्या तासाला, फुली. दिवसाला आठ फुल्या. साहेबांनी विचारलं होतं, हिचे कॉलरचे गठ्ठे तर सगळ्यांइतकेच असतात, ते कसे? आणि टाचणीनं सांगितलं होतं, घरून शिवून आणत असेल मेली. हॉल हसला होता. साहेबही हसले होते. कॉलर घरून शिवून आणणारी बाई, कारखान्यात येऊन उभी राहते! इतका वेडगळ तर्क, आणि तो तिच्या तोंडून गेला म्हणून खरा ठरला, कारण तिची नजर चुकत नव्हती. शिडीला काढलं. जाताना ती कापणीच्या खोलीत आली, टेबलापाशी उभी राहिली, रडली नाही, भांडली नाही, एवढंच म्हणाली, "टाचणे, तू नसताना मी काय करते ते एकदा येऊन बघायला हवं होतंस." आणि कापणीच्या बाया फिदीफिदी हसल्या. मी नसताना मी कशी बघणार गं, अक्कल गहाण टाकलीस का, असं टाचणी म्हणाली होती. हा किस्सा तिनं किती जणांना सांगितला असेल! लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगितला होता. बिनडोक बाईचा किस्सा म्हणून.

ते दार आत उघडायचं. हे तिला ठाऊक होतं, तिच्या उजव्या खांद्याला ठाऊक होतं, एकोणीस वर्षं त्या खांद्यानं ते लोटलं होतं. लोटलं की खर्र असा आवाज यायचा, लाकूड फरशीवर घासल्याचा. दार खाली टेकलंय, सुताराला सांगायला हवं, असं ती दर पावसाळ्यात म्हणायची. पण दार खाली टेकलेलं नव्हतं. आता, मटाराची शेंग हातात धरून, फ्रिजची घरघर ऐकत, तिला तो आवाज नीट ऐकू आला. तो स्टुलाचा होता. दाराची फळी शिडीच्या स्टुलाला लागायची. कडी वाजली की शिडी उठायची, पायानं स्टूल यंत्राखाली सारायची, भिंतीला पाठ लावून अंग चोरायची, म्हणजे टाचणीबाईंना आत यायला दार पुरतं उघडेल. खर्र. आणि टाचणीबाई आत यायच्या आणि बघायच्या तर शिडी उभी. फुली. त्यांच्याचसाठी उभी. टाचणी पुढे सरकली, चाळीस नंबरपर्यंत जाऊन हॉलच्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडली, की मागे शिडी स्टूल ओढून बसत असणार आणि दुप्पट वेगानं शिवत असणार, पुढच्या घंटेपर्यंत. ते टाचणीनं कधी पाहिलं नाही. तिनं पाठ फिरवलेली असायची.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. शिडीच्या जागी ठेंगणी आली, हसरी, गोलमटोल. महिन्याभरात ठेंगणीच्या फुल्या सुरू. तेव्हा टाचणी हॉलभर ऐकू जाईल अशी म्हणाली होती, जागेलाच गुण असतो, त्या यंत्रावर जी बसते ती बिघडते. ठेंगणी घाबरून आपणहून सोडून गेली. मग ते यंत्रच हलवलं, तिथे गठ्ठे रचायला लागले, आणि सगळे म्हणाले, बघा, टाचणीनं दुखणं ओळखलं. दार तेव्हापासून वाजलं नाही. सुतार न बोलावता वाजायचं थांबलं, याचं तिला एकदाही नवल वाटलं नाही! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तिला बघता येईना आणि तिनं जागा वाकडी ठरवली. गठ्ठे होते. चिठ्ठी होती ती, रोज संध्याकाळी मोजून ठेवलेली, कॉलरमागून कॉलर, सरळ टाक्यांची. ती वाचली नाही. उभी बाई बघितली. पुढे काही वर्षांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर शिडी दिसली होती, कोणाच्या तरी घरची धुणी डोक्यावर घेऊन, वाकल्यामुळे तितकीशी उंच न राहिलेली. टाचणीनं चष्मा पुसायला काढला होता, म्हणजे ओळख द्यावी लागू नये. शिडीनं मात्र ओझ्यासकट बाजूला सरून तिला वाट दिली होती. सवयच ती. परातीत दाणे होते, हिरवे, गोल, एकाशेजारी एक, टिंबांसारखे. ती त्यांच्याकडे बघत बसली.  

शुक्रवारी तिनं दार उघडलं नाही. दहाला उघडलं नाही, अकराला नाही. चहाची वेळ झाली, चहा केला, आणि कप हातात घेऊन ती बंद दाराबाहेर उभी राहिली. आत कळफलकाच्या कळा वाजत होत्या. टक टक टक, मग थांबा, मग एकदम सरसरून, मग पुन्हा थांबा. तिनं डोळे मिटले. चाळीस यंत्रांचा हॉल असाच वाजायचा, कापणीच्या खोलीतून ऐकताना. आणि कडी वाजवली की दाराजवळचा एक आवाज थांबायचा, एकच, सगळ्यात जवळचा. तो थांबल्याचं तिनं ऐकलंच असणार, एकोणीस वर्षांतून एकदा तरी. आपल्याला ऐकू आलं होतं आणि आपण ऐकलं नाही, असं असू शकतं का? असू शकतं, तिच्या मनातलं कोणीतरी म्हणालं, तिच्यासारख्याच खवचट आवाजात. कप हातात गार झाला. वर साय धरली. तेव्हा तिला आठवले ते अर्धे राहिलेले, साय धरलेले कप. पीत नाहीत असं म्हणून तिनं रागानं विसळलेले. म्हणजे तीही चिठ्ठीच होती. एका घोटानंतर विसरून गेलेला माणूस त्या कपात होता. तिनं गार चहा उभ्यानंच पिऊन टाकला आणि पाय न वाजवता परत फिरली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठूनतरी पाय न वाजवता निघाली होती.

लेक संध्याकाळी साडेसहाला आली, कपड्यांना औषधाचा वास, पर्समध्ये ते पत्र. चपला काढता काढताच तिनं हळू आवाजात विचारलं, "आई, आज शुक्रवार."

"वार मला येतात. तेवढं शिकवलं होतं शाळेत."

"मग? काय पाहिलंस?"

"जेवताना सांगते. तुझ्यासमोर आणि त्यांच्यासमोर."

लेकीचा चेहरा उतरला. "त्यांच्यासमोर? आई, मी तुला गुपचूप सांगितलं होतं. बोलावू त्यांना?" ती खोलीकडे निघाली, हात कडीकडे गेलाही.

"हात लावू नकोस त्या दाराला." हे टाचणीचं बोलणं होतं, हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचणारं, पण आवाज अगदी खालचा. "हाक मारायची नाही. येतील ते आपले आपण. बैस इथे."

मग दोघी बसल्या. ताटं मांडलेली, वाफ हळूहळू विरत गेलेली. लेकीनं दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा फोन पाहिला, मग आईकडे पाहिलं आणि काही विचारायचं सोडून दिलं. पत्र तिनं टेबलावर ठेवलं होतं, पाण्याच्या तांब्याखाली. बाहेर कोणीतरी जिन्यातून किल्ल्या वाजवत वर गेलं. आत कळा वाजत राहिल्या, लेकीलाही त्या ऐकू यायला लागल्या, कारण दुसरं काही ऐकण्यासारखं नव्हतं. सव्वा तास. लेकीचे खांदे हळूहळू खाली आले. इतका वेळ ती कधी या दाराबाहेर नुसती बसली नव्हती. आली की दार उघडायची आणि दाराकडे वळलेला माणूस बघायची. पावणेआठला कळा थांबल्या. खुर्ची सरकली. तो बाहेर आला, केस उभे, डोळे लाल, आणि दोघींना ताटांसमोर बसलेलं पाहून जागच्या जागी थबकला.

"जेवला नाहीत तुम्ही? हाक का नाही मारली? पाठवलं मी, आत्ताच. चाललं. खुणा आता घरभर पडतात, आई, दारात एकही नाही. त्या माणसाला परत बोलावतायत."  त्यानं बायकोकडे पाहिलं. "काय झालं?"

तिनं साखरेच्या डब्यामागून खोका आणला आणि टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी, खुणांची बाजू वर करून ठेवला. लेकीनं ओठ चावला. "चार दिवस पाळत ठेवली मी तुमच्यावर," ती जावयाला म्हणाली, उभ्यानंच, हात कमरेवर. "कोणी सांगितलं म्हणून नाही. मला खोड आहे. दार उघडायचं, बघायचं, खूण करायची. कामात दिसलात तर टिंब, रिकामे दिसलात तर फुली. मोजा. एकोणीस आहेत." तिनं लेकीकडे न बघता तांब्याखालच्या पत्राकडे बोट केलं. "आणि तू. ते पत्र माझ्या साक्षीवर लिहू नकोस. नवरा तुझा आहे, जीभ तुझ्या तोंडात आहे, त्यांनाच विचार."

 लेकीनं तांब्या उचलला, पत्र घेतलं, आणि ते न उघडता नवऱ्यापुढे सरकवलं. त्यानं ते उचललं नाही, तो अजून फुल्यांकडेच बघत होता.

"त्यातल्या अठरा माझ्या," ती म्हणाली. "दारात मी उभी, म्हणून तुम्ही दाराकडे वळलेले. मी माझंच येणं मोजलं. आणि ही जाड दिसते ना, टोक मोडलेली? तुम्ही सासूला तळहात दाखवलात त्याची. तो उद्धटपणा होता, आणि तो मी सरणावर चढेपर्यंत विसरणार नाही, हे लिहून ठेवा. पण चार दिवसांत मी तुम्हाला कामात पाहिलं ते त्या एका वेळी, आणि नेमकी तिथेच मी सगळ्यात मोठी फुली मारली." तिनं टोक मोडलेली पेन्सिल उचलली, जिभेला लावली, आणि त्या जाड फुलीवर गोल गोल गिरवत राहिली, तिचं पुरतं काळं, टपोरं टिंब होईपर्यंत. मग पेन्सिल ठेवली आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"कामचुकार तुम्ही नाही, जावईबापू. चुकार आहे ती माझी नजर, आणि ती काही या सोमवारपासून चुकायला लागलेली नाही."